अधिक-उणे मामा

आमच्या घराण्यात अंदाज करायची पद्धत नाही. वडिलांना कोणी वेळ विचारली तर ‘सव्वाचार झाले असतील’ असं ते कधी म्हणाले नाहीत. चार वाजून सतरा मिनिटं म्हणत, आणि त्यांचं घड्याळ मागे पडतं हे साऱ्या गल्लीला ठाऊक असूनही त्या सतरा मिनिटांवरून हटत नसत. मी पुढे बँकेत लागलो, म्हणजे दुधात साखरच पडली. कॅश जुळली नाही तर शटर पडल्यावरही कोणी घरी जायचं नाही, साठ पैशांच्या फरकासाठी व्हाउचरांचे गठ्ठे पुन्हा सोडायचे, असे ते दिवस. ताळेबंदाखाली कोणी ‘अधिक-उणे चाळीस रुपये’ असं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी मेमो आणि तिसऱ्या दिवशी बदली.

अशा माणसाने निवृत्तीनंतर ध्वनिलहरींच्या वाटेला जाऊ नये. पण भाची बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, फिजिक्स घेऊन. कॉलेज आमच्या सांगलीतच, आणि हॉस्टेलच्या आमटीला कंटाळून शनिवार-रविवार मुक्काम आमच्याकडे. एका शनिवारी तिने आपल्या प्रोजेक्टचा कागद मोठ्याने वाचला: ट्यूनिंग फोर्कचा आवाज रेकॉर्ड करा, त्या बिंदूंवर साइन कर्व्ह बसवा, आणि फ्रिक्वेन्सी तिच्या अनिश्चिततेसह द्या. ती मला विचारत नव्हती, नुसतं वाचत होती, असं तिचं आजही म्हणणं आहे. मी म्हणालो, “हात्तिच्या! आण इकडे.”

फोर्क पोलादी होता, दांडीवर ५१२ असा आकडा ठोकलेला. आमच्या शाळेत याला नादकाटा म्हणत आणि २५६ पासून ५१२ पर्यंतचा संच मखमलीच्या खाचांत निजवलेला असे. काटा रबरी पॅडवर मारायचा असतो. आम्ही एकमेकांच्या डोक्यात मारत असू, त्यामुळे त्याच्या नादाशी माझी ओळख जुनी. मारल्या मारल्या जो टणत्कार निघतो, त्यात मूळ सुराच्या सहा पटींहून थोडा वरचा एक कर्कश सूर मिसळलेला असतो. तो लवकर विरतो आणि मग उरतो तो इतका सोज्वळ स्वर की आलेख काढला तर पुस्तकातली साइन लहर. म्हणून जरा थांबून मगच रेकॉर्डिंग घ्यायचं. हे सगळं भाचीने सांगितलं आणि मी ‘माहीत आहे’ अशी मान डोलावली.

मोबाइल आवाजाचे सेकंदाला ४८,००० आकडे घेतो. ते मी माझ्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये ओतले. लॅपटॉप माझ्याच बॅचचा असल्यामुळे पडदा पांढरा करून बसला. यावर माझ्याकडे बँकेतला रामबाण उपाय होता: सगळी व्हाउचरं कोणी तपासतं का? नमुना काढायचा. दर शंभरावी ओळ ठेवली, मधल्या नव्व्याण्णव उडवल्या. सेकंदाचे ४८० आकडे उरले. आलेख काढला तर अहाहा! डौलदार, एकसारखी लाट, एकेका आवर्तनात साधारण पंधरा बिंदू.

साइन कर्व्हला चार आकडे लागतात: लाट किती उंच, सेकंदाला किती वेळा, सुरुवात कुठून, आणि शून्याची रेघ मुळात कुठे. ते एक्सेलच्या सॉल्व्हरला शोधायला लावले. वक्र बिंदूंतून असा काही गेला की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. फ्रिक्वेन्सी आली ३२ च्या आसपास.

५१२ नव्हे, ३२. मी ताबडतोब निष्कर्षाला आलो की कॉलेजचा फोर्क भिकार आहे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेख टाकला, खाली ‘शिक्षणाची दुर्दशा’ अशी ओळ. साताऱ्याच्या मेव्हण्याने हात जोडलेले तीन इमोजी पाठवले. भाची आंघोळीहून आली, केस पुसता पुसता आलेखाकडे पाहिलं आणि फोर्क गुडघ्यावर मारून माझ्या कानाशी धरला.

“मामा, हे तुला सेकंदाला ३२ वाटतं? ३२ म्हणजे पियानोच्या अगदी डावीकडची घरघर. हा तर शिट्टीसारखा वाजतोय.”

कान आणि कागद यांत मी नेहमीच कागदाची बाजू घेत आलो. पण मग तिने हिशेब मांडला. ठेवलेल्या दोन ओळींमध्ये एका सेकंदाचा ४८० वा भाग जातो. तेवढ्यात फोर्क एक पूर्ण झोका घेतो आणि वर एक पंधरांश. पूर्ण झोका मी उडवलेल्या नव्व्याण्णव ओळींत नाहीसा होतो आणि कागदावर पोचतो फक्त तो पंधरांश. पंधरा ओळींत मिळून एक लाट, म्हणजे ४८० भागिले १५, म्हणजे ३२. नायक्विस्टने १९२८ मध्ये आणि शॅननने १९४९ मध्ये जे मांडलं त्याचा मथितार्थ असा की लहर ज्या वेगाने झुलते त्याच्या दुपटीहून जास्त वेळा तिच्याकडे बघितलंच पाहिजे. त्याहून कमी वेळा बघणाऱ्याला ती वेगळीच लहर दाखवते, आणि तीही बिनचूक. माझ्या फिटमध्ये खोट नव्हतीच. जी लाट अस्तित्वात नव्हती तिच्यावर मी अगदी नमुनेदार वक्र बसवला होता. ग्रुपवरचा संदेश सगळ्यांसाठी डिलीट करेपर्यंत तो सगळ्यांचा वाचून झाला होता.

मग तिने आपला लॅपटॉप उघडला आणि पायथन नावाच्या भाषेत काम सुरू झालं. एका सेकंदाचा पन्नासावा भाग घेतला, म्हणजे ९६० बिंदू आणि साधारण दहा लाटा. पायथनच्या सायपाय या लायब्ररीत कर्व्ह-फिट नावाची तयार सोय आहे. तिला बिंदू द्यायचे, सूत्र द्यायचं आणि चारही आकड्यांचा सुरुवातीचा अंदाज द्यायचा.

अंदाज! मी म्हटलं, “आपण अंदाज द्यायचा तर यंत्र कशाला? त्याचं त्याला शोधू दे.”

अंदाज दिला नाही तर ते यंत्र चारही आकडे १ धरून निघतं. सेकंदाला एक आवर्तन धरून निघालेलं यंत्र ५१२ पर्यंत पोचेल अशी माझी श्रद्धा. पडद्यावर दहा लाटांच्या मधोमध एक जवळजवळ आडवी रेघ उमटली. यंत्राच्या मते हाच सर्वोत्तम वक्र होता. मी ‘पुन्हा चालव’ म्हणालो. पुन्हा तीच रेघ.

यात यंत्राचा आडमुठेपणा नाही. बिंदू आणि वक्र यांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करायची, ही लीस्ट स्क्वेअर्सची पद्धत लजांद्रने १८०५ मध्ये छापली. गाऊसने १८०९ मध्ये छापताना ‘मी १७९५ पासून वापरतोय’ असं ठोकून दिलं, आणि दोघांचं वाजलं ते वाजलंच. आकाशात हरवलेला सेरेस हा बटुग्रह गाऊसच्या गणिताने १८०१ च्या शेवटी पुन्हा सापडला, ही त्याची ख्याती. पण सूत्रातली अज्ञात संख्या साइनच्या पोटात दडली असेल तर एका फटक्यात उत्तर निघत नाही. थोडं सरकायचं, चूक घटली का पाहायचं, पुन्हा सरकायचं. ही चाल लेव्हनबर्गने १९४४ मध्ये आणि मार्क्वार्टने १९६३ मध्ये बसवली, आणि आज बहुतेक प्रोग्रॅमच्या पोटात तीच आहे. साइनच्या बाबतीत मात्र फ्रिक्वेन्सीच्या वाटेवर ठिकठिकाणी खोटे खड्डे असतात. आमचा तुकडा सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा, म्हणून खऱ्या उत्तराच्या साधारण पन्नास हर्ट्झच्या आत सुरुवात केली तरच खऱ्या खड्ड्यात पडायची आशा. बाहेरून निघालात तर वाटेतल्या पहिल्याच खड्ड्यात यंत्र बूड टेकतं आणि ‘पोचलो’ म्हणून कळवतं. भाचीने दहा लाटा बोटाने मोजल्या, ५०० असा अंदाज टाकला आणि वक्र चटकन बसला. मला तिचं बोटाने मोजणं आवडलं नाही. हे सायन्सवाले इतके पैसे घेऊन शेवटी बोटं मोजायला शिकवतात.

यापुढचं प्रकरण एरर बारचं. मायक्रोफोनने एखाद्या क्षणी ०.१३७ म्हटलं, तर त्यातलं फोर्कचं किती आणि मायक्रोफोनच्या स्वतःच्या कुरकुरीचं किती? ते कळल्याशिवाय वक्र बिंदूपासून लांब गेला की जवळ, हे ठरवायचं कशाने? त्यावर तोडगा सोपा: फोर्क न वाजवता रेकॉर्डिंग करायचं. आकडे शून्याच्या आजूबाजूला जेवढे डगमगतील त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे आपला एरर बार.

“म्हणजे शांतता रेकॉर्ड करायची,” मी म्हणालो.

“हो. अर्धा सेकंद मिळाली तरी पुरे.”

सांगलीत रविवारी सकाळी अर्धा सेकंद शांतता! आधी घंटागाडीचं गाणं. ते कोपऱ्यावर विरतंय तोवर ‘भंगाऽर, रद्दीऽऽ’. मग शेजारच्या वहिनींचा मिक्सर, ज्यात त्या बहुधा विटा वाटतात. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, एप्रिल महिना. आईला जप मनात करायला सांगितला. ती म्हणाली, “मनातच करतेय, तुलाच ऐकू येतोय.” बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

“अहो, एवढं कान देऊन काय ऐकताय?”

“काही नाही.”

“मग त्यासाठी आम्ही का गप्प बसायचं?”

याला उत्तर नव्हतं, आणि कुकरची तिसरी शिट्टी झाल्यामुळे ते द्यावंही लागलं नाही. सगळं बंद करून बघितलं तरी आलेखात एक बारीक लहर उरायचीच. भाचीने ती मोजली: सेकंदाला १०० वेळा. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि चोकमधला लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा गुणगुणतो, म्हणून १००. बैठकीतली जुनी ट्यूबलाइट जन्मभर गात होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मग रात्री दोनला उठायचं ठरलं. उठलो. फ्रिज घोरत होता. त्याचा प्लग काढायला हात घातला, तेवढ्यात लाइटच गेली. ट्यूब गप्प, फ्रिज गप्प, घंटागाडी झोपलेली. मी अंधारात भाचीला हलवून म्हणालो, “ऊठ, शांतता आली!” तिने मोबाइल हातात घेतला आणि बटण दाबणार, एवढ्यात पंखे थांबल्याने जागी झालेली अख्खी गल्ली गच्चीवर आली. “तुमची गेली का?” “आमची गेली, तुमची?” “समोरची आहे वाटतं.” “कुठली समोरची, तो इन्व्हर्टर आहे!” या संवादाचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढण्याचा मोह मी टाळला.

अखेर शांतता सापडली ती गाद्यांच्या कपाटात. दोन गाद्यांच्या मध्ये मी बसलो, अंगावर सोलापुरी चादर, मोबाइल मांडीवर, दार बाहेरून भाचीने लावलेलं. आत गादीतल्या कापसाचा आणि डांबरगोळ्यांचा वास. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये बारीक टिकटिक आली ती वडिलांच्या घड्याळाची, जे मी मनगटावरून काढायला विसरलो होतो. अजूनही मागेच पडतं ते. दुसरं रेकॉर्डिंग स्वच्छ आलं. एरर बार निघाला ०.०२५. फोर्कची लाट ०.२१ उंच. दार उघडलं तेव्हा बाहेर आई उभी होती. ती काही बोलली नाही, फक्त हातातला पाण्याचा तांब्या पुढे केला.

आता काय-स्क्वेअर. कार्ल पिअर्सनने १९०० मध्ये काढलेली ही कसोटी मला ऐकताक्षणी आवडली, कारण तिच्यात बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही. प्रत्येक बिंदू वक्रापासून किती दूर, त्याला एरर बारने भागायचं, वर्ग करायचा, ९६० बिंदूंची बेरीज करायची. वक्राला आपण चार आकडे फुकट दिले, म्हणून ९६० मधून ४ वजा, आणि उरलेल्या ९५६ ने बेरजेला भागायचं.

आमचं उत्तर आलं ०.१०. आलेखात एकूण एक बिंदूच्या एरर बारमधून वक्र आरपार गेलेला. एकही वगळलेला नाही! ताळा जमला! मी बायकोला शिरा करायला सांगितला.

भाची गप्प होती. “मामा, हे जास्तच चांगलं आलंय.”

“थँक यू.”

“नाही, म्हणजे वाईट आलंय. उत्तर १ च्या आसपास हवं.”

तिने जे सांगितलं ते पचायला मला शिरा संपेपर्यंतचा वेळ लागला. एरर बार खरे असतील तर साधारण तीनातल्या एका बिंदूच्या बारला वक्र शिवणारच नाही. ९६० नोंदींपैकी तीनशेच्या घरात नोंदी हुकल्या पाहिजेत. हुकल्या नाहीत तर तुम्ही एरर बार फुगवून सांगितले, किंवा आकड्यांना कोणीतरी हात लावलाय. मेंडेलच्या वाटाण्यांवर हीच वेळ आली होती. रोनाल्ड फिशरने १९३६ मध्ये त्याचे आकडे तपासले आणि दाखवून दिलं की ते अपेक्षेशी नको इतके जुळतात. मठातला तो सज्जन वारून तेव्हा पन्नास वर्षं उलटली होती, तरी ऑडिट निघालं.

इथे मात्र माझ्यातला बँकवाला ताडकन जागा झाला. आमच्या एका शाखेत एक कॅशियर होते. सगळ्यांना कधी दहा रुपये कमी पडायचे, कधी पाच जास्त व्हायचे. यांचा फरक कधीच नाही, वर्षानुवर्षं शून्य. आम्ही त्यांचे पाय धरायचे बाकी होतो. इन्स्पेक्शनला आलेल्या गृहस्थांनी मात्र रजिस्टर चाळलं आणि बाकी सगळ्यांना सोडून थेट त्यांच्या काउंटरवर गेले. ड्रॉवरमध्ये बिस्किटांचा डबा निघाला, चिल्लरीने भरलेला. कमी पडलं की त्यातून घालायचं, जास्त झालं की त्यात टाकायचं. दिवसभर फाटक्या नोटा मोजणाऱ्या माणसाची कॅश रोज पैशावर जुळते, हेच मुळी त्या इन्स्पेक्टरला पटलं नव्हतं.

“मग आपला डबा कुठे आहे?” मी विचारलं. भाची माझ्याकडे पाहतच राहिली. अख्ख्या प्रोजेक्टात माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं कामाचं वाक्य होतं.

डबा मोबाइलमध्ये होता. बोलणाऱ्याचा आवाज हळू झाला की हा यंत्रोबा आपणहून कान मोठे करतो, जोरात झाला की मिटून घेतो. फोनवर बोलताना सोय व्हावी म्हणून. कपाटातल्या शांततेत त्याने कान टवकारून स्वतःचीच कुरकुर तिपटीने मोठी करून लिहिली होती. आणि ती कुरकुर मी फोर्कच्या बिंदूंना लावली, जे त्याने कान मिटून ऐकले होते. भाचीने ॲपमध्ये शोधून ती आपोआपची सोय बंद केली. मी पुन्हा कपाटात. या खेपेला आई तांब्या आधीच घेऊन उभी होती.

नवा एरर बार ०.००८. काय-स्क्वेअर १.०४. एक गोष्ट सांगायची राहिली: त्या कर्व्ह-फिटला वेगळं बजावलं नाही तर ते तुमच्या एरर बारचा खरेपणा मानतच नाही. कुठला बिंदू जास्त भरवशाचा एवढंच त्यातून घेतं आणि बाकी काय-स्क्वेअर १ यावा अशा बेताने उत्तराची अनिश्चितता स्वतःच ठरवून मोकळं होतं. म्हणजे मी गाद्यांत बसलो काय न् पाटावर बसलो काय, त्याला सारखंच. ‘हे बार खरे आहेत’ असं सांगणारी एक कळ असते. ती दाबण्याचा मान मी मागून घेतला.

उत्तर: ५११.०८ अधिक-उणे ०.०५ हर्ट्झ.

“५१२ लिही,” मी म्हणालो.

“का?”

“दांडीवर ठोकलंय.”

५१२ आणि आमच्या आकड्यात अठरा एरर बारचं अंतर होतं. ते ‘थोडाफार फरक’ या सदरात बसत नाही. पण खोलीत ३८ अंश तापमान होतं, खिडक्या माझ्याच हुकमाने बंद. तापलं की पोलादाचा ताठा कमी होतो आणि फोर्कची फ्रिक्वेन्सी दर अंशाला साधारण दहा हजारांत एक भाग खाली येते. २० अंशांना तो खरा ५१२ चा धरला, तर अठरा अंशांत नऊ दशांश हर्ट्झच्या आसपास उतरणारच. हे कळल्यावर मी इतका खूश झालो की ‘सिद्ध झालं!’ म्हणून ओरडलो. भाची म्हणाली, कारखान्यात तो मुळात कितपत खरा होता ते आपण पाहिलेलं नाही, तेव्हा ‘सुसंगत आहे’ इतकंच लिहू. कॉलेजातली मुलं इतकी मिळमिळीत का बोलतात ते मला त्या दिवशी कळलं. ती खरं बोलत असतात.

आईचा मिरजेचा तानपुरा कोपऱ्यात होता. मला वाटलं, पोलादी चिमट्याची ही कथा, तर मिरजेच्या कारागिराने जवारी लावलेल्या तानपुऱ्याचा वक्र किती देखणा असेल! आईने खर्ज छेडला, घर भरलं. फिट केला तर काय-स्क्वेअर तीन आकडी. आलेखात लाटेवर लाटा, त्यांच्यावर दातेरी किनार. एकट्या साइनची तिथे काय पत्रास! घोडीच्या रुंद पाठीवर तार घासत राहते, खाली सूत अडकवलेलं असतं, आणि त्यातून वरच्या स्वरांचा जो थवा उठतो त्याने चंद्रशेखर व्यंकट रामन यांनाही १९२१ मध्ये कोड्यात पाडलं होतं; जो उपस्वर तार छेडण्याच्या जागेमुळे उमटायलाच नको, तोही तानपुऱ्यात ऐकू येतो. आईला मी हे समजावून सांगितलं. “मग तुझ्या त्या चिमट्यात एकच स्वर असतो होय?” ती म्हणाली. “बिचारा.”

इथे थांबलो असतो तर घरात माझी थोडीफार पत राहिली असती. पण मला माझी शिट्टी आठवली. माणसाची शिट्टी ही साइन लहरीच्या फार जवळची. तोंडाची पोकळी घुमते आणि उपस्वर जवळपास उरत नाहीत. आणि कॉलेजात असताना माझी शिट्टी विश्रामबागेपर्यंत ऐकू जाई, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. म्हटलं, फोर्कच्या शेजारी माझंही नाव लागू दे.

सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर फिट केलं: फ्रिक्वेन्सी बाराशेच्या घरात, काय-स्क्वेअर ०.९८. फोर्कच्या तोडीस तोड! मी म्हणालो, “आता पूर्ण सेकंद घे. होऊन जाऊ दे.”

पूर्ण सेकंदाचा काय-स्क्वेअर आला १७०.

बिंदू आणि वक्र यांतला उरलेला फरक भाचीने खाली वेगळा काढला. मधे थोडा वेळ शांत, दोन्ही टोकांना वाढत वाढत पिसाट झालेला. माझी शिट्टी सेकंदभरात एखाद-दीड हर्ट्झ घसरली होती. बाराशेत एक! कोणाच्या कानाला तो फरक कळणार नाही, भीमसेनांनाही कळला असता की नाही कोण जाणे. पण बाराशे लाटा ओळीने मांडल्या की एवढ्याशा घसरणीने टोकांच्या लाटा वक्रापासून सरकतात आणि काय-स्क्वेअरला दयामाया नसते.

“सूत्र बदल,” मी म्हणालो. “घसरणीचा एक आकडा घाल.” घातला, ४० वर आला. “श्वास कापतो त्याचा घाल.” त्याला तीन लागले. “जोर कमी होत जातो त्याचा एक.” मी एकेक आकडा वाढवत होतो आणि काय-स्क्वेअर खाली येत होता. तेव्हा तिने मला हत्तीची गोष्ट ऐकवली. फॉन नॉयमन म्हणत असे की चार आकडे दिले तर मी वक्रातून हत्ती काढून दाखवीन आणि पाचवा दिलात तर सोंड हलवीन. ही गोष्ट फर्मीने १९५३ मध्ये तरुण फ्रीमन डायसनला ऐकवून त्याचं संशोधन घरी पाठवलं होतं. २०१० मध्ये तिघा जणांनी खरोखर चार कॉम्प्लेक्स आकड्यांत हत्ती काढला, पाचव्याने सोंडही हलवली.

“कॉम्प्लेक्स म्हणजे एकेकात दोन,” मी म्हणालो. “चार नाही, आठ झाले. ही एंट्री चुकीची आहे.”

“मामा, आपले पण आता नऊ झालेत.”

रिपोर्टमध्ये तिने सगळे वाढीव आकडे काढून टाकले, मूळचा १७० तसाच ठेवला आणि तक्त्यात दोन रकाने केले. एकात ‘पोलादी फोर्क’. दुसऱ्यात ‘अस्थिर स्रोत’. नाव लिहिलं नाही, एवढी माणुसकी.

पंधरवड्याने तिचा फोन आला. “मामा, सरांना तुझी शिट्टी खूप आवडली. ओरिजिनल फाइल मागितलीय.”

मी बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “कशासाठी म्हणे?”

“प्रत्येक वर्षी मुलांना द्यायला. बिघडलेल्या फिटचं इतकं चांगलं उदाहरण त्यांना आजवर मिळालं नव्हतं.”

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग मी फाइलचं नाव काय दिलंयस एवढंच विचारलं.

“‘मामा-घसरण-अंतिम’,” ती म्हणाली. “बदलू का?”

मी म्हटलं, “‘अंतिम’ काढ. आज सकाळी मी जरा बरी वाजवलीय.”